बेडसोअर: मलमाआधी भार काढा

नमस्कार मंडळी. घरात कुणी लकव्यानं, खुब्याच्या फ्रॅक्चरनं किंवा नुसत्या अशक्तपणानं अंथरुणाला खिळलं असेल, तर आजचा विषय तुमच्याच घरातला आहे. कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर होणारा बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं होणारी जखम.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ‘मलम कोणतं लावू?’ त्याआधी मी विचारतो, पेशंट त्या जखमेवरच झोपलाय का? कारण उताणं झोपल्यावर तिथलं मांस हाड आणि गादीच्या मध्ये चेपतं आणि रक्त पोचत नाही. आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो, त्यांना ते जमत नाही. शिवाय दाब सगळ्यात जास्त हाडालगत असतो, त्यामुळे नुकसान बऱ्याचदा आतून सुरू होतं. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत वाटीएवढी पोकळ निघते ती म्हणूनच.

पहिली खूण म्हणजे दाबून सोडलं तरी फिका न पडणारा लाल डाग, असं सांगतात. पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली कुठली दिसायला! तिथं जांभळट किंवा काळपट छटा शोधा. हात लावून बघा, बाजूच्या कातडीपेक्षा गरम लागते का, कडक किंवा लिबलिबीत वाटते का. आणि तिथं मालिश अजिबात नको, दुखावलेलं मांस आणखी दुखावतं.

दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण आडव्या कुशीवर नको, मग भार खुब्याच्या हाडावर जातो. पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलवा. वर सरकवताना ओढू नका, दोघांनी मिळून चादरीसकट उचला. आता एक गोष्ट घरोघरी होते. आजींना पलंगाला टेकून बसवतात, समोर टीव्ही, आजी खूश. पण त्या हळूहळू खाली घसरत असतात, कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं मांस ताणलं जातं. जेवताना बसवा, पण जेवण खाली उतरलं की पलंगाची डोक्याकडची बाजू 30 अंशांपर्यंत खाली घ्या. बसायची हवेची रिंग बाद करा, तिच्या कडेनंच रक्त अडतं. एअर मॅट्रेस चांगली, पण ती आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका.

जखम नॉर्मल सलाईननं, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्यानं धुवा. हळद, राख, पावडर, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, यातलं काही नको. ‘उघडी ठेवा, वाळू दे’ हा सल्लाही चुकीचा, लालसर दाणेदार मांस ओलसर ड्रेसिंगखालीच भरतं. काळी मेलेली कातडी असेल तर घरी कात्री लावू नका, ते सर्जनचं काम. डायपर ओला राहू देऊ नका, आणि शुगर असेल तर ती आटोक्यात हवी.

खाण्यात प्रोटीन वाढवा. वजनाच्या किलोमागे रोज 1.25 ते 1.5 ग्रॅम लागतं, म्हणजे 50 किलोच्या माणसाला साधारण 62 ते 75 ग्रॅम. नुसत्या पेजेनं भागत नाही. अंडी, पनीर, घट्ट वरण द्या. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ताप, घाण वास, पू, पसरणारी लाली, पेशंट गुंगीत जाणं किंवा जखमेत हाड दिसणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.