इंजिनाचा आवाज आणि कॅमची निवड

[पडदा काळा. फक्त आवाज: उभ्या गाडीचं आयडलिंग.]

ढग्-ढग्… ढग्… ढग्-ढग्. एक ठोका हुकतो, पुढचा जोरात पडतो. कॅम, म्हणजे इंजिनात हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बदलायचं खूळ डोक्यात शिरतं ते बहुतेकदा या आवाजामुळे, आणि चुकीचा कॅम विकत घेतला जातो तोही याच आवाजापायी.

[बाकावर दोन व्ही-ब्लॉकवर ठेवलेला कॅमशाफ्ट. एक हात तो सावकाश फिरवतो. डायल गेजचा काटा हलतो.]

दांड्यावर हे अंड्यासारखे उंचवटे दिसतात, ते लोब. लोबची गोल बाजू टॅपेटशी (लोबने ढकलला जाणारा, व्हॉल्व्ह हलवणारा भाग) असते तेव्हा व्हॉल्व्ह बंद. नाक वर आलं की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक होते. म्हणजे 6000 आरपीएमला (क्रँकच्या मिनिटाला 6000 फेऱ्या) प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो.

कॅटलॉग हातात आला की नजर आधी लिफ्टच्या आकड्यावर जाते. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उचलला जातो ते. व्हॉल्व्हच्या व्यासाच्या पाव भागाइतकी लिफ्ट मिळाली, की कडेने हवेला मिळणारी वाट व्हॉल्व्हच्या तोंडाएवढी होते. 36 मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला हा हिशेब 9 मिलिमीटरवर येतो. त्यापुढे फायदा मिळतोही, पण तो हेडचे पोर्ट (सिलिंडरवरच्या झाकणातल्या हवेच्या वाटा) कसे आहेत त्यावर. लिफ्टचं एवढं पुरे. गाडीचा स्वभाव बदलतो तो ड्युरेशनने.

ड्युरेशन म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो. समजा इनटेक (मिश्रण आत घेणारा) व्हॉल्व्ह पिस्टन वर पोहोचायच्या 30 अंश आधी उघडला, आणि पिस्टन तळ गाठून परत वर निघाल्यावर 70 अंशांनी मिटला. 30, 180 आणि 70. झाले 280.

यातले शेवटचे 70 अंश नीट बघा. पिस्टन वर येतोय आणि इनटेक अजून उघडाच आहे. 6500 आरपीएमला हवेचा लोट असा काही वेगात असतो, की पिस्टन समोरून आला तरी ती आत घुसतच राहते. सिलिंडर जास्त भरतो, ताकद वाढते. तेच इंजिन 1800 वर असलं, की हवेला तो जोर नसतो. आत घेतलेलं मिश्रण पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांत, ढकलून देतो. तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पाय दाबला आणि गाडी नुसतीच हुंकारली, ओढली नाही, तर ते हे. म्हणून मोठ्या, म्हणजे जास्त ड्युरेशनच्या कॅमबरोबर कॉम्प्रेशन रेशोही (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) वाढवावा लागतो. तो खर्च कॅमच्या किमतीत कुणी धरत नाही.

आता तो आवाज. एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) मिटायच्या आधीच इनटेक उघडतो, तो ओव्हरलॅप. आपल्या उदाहरणात एक्झॉस्टही पिस्टन वर पोहोचल्यानंतर 30 अंशांनी मिटत असेल, तर 60 अंश दोन्ही दारं उघडी. आयडलिंगला जळका वायू उलटा फिरून ताज्या मिश्रणात मिसळतो, एखादा ठोका नीट पेटत नाही. लोक ज्याला दमदार आवाज म्हणतात, तो खरं तर इंजिनाचा ठसका आहे. त्यात मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी होतो. ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालत असेल, तर पेडल दगडासारखं लागतं. त्यामुळे रोजच्या गाडीसाठी हा आवाज हौसेने मागणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

तुलना करताना एक गोम आहे. एक कंपनी ड्युरेशन व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजते, दुसरी 1 मिलिमीटर उचलल्यापासून. एकाच कॅमचे दोन आकडे चांगले पंचवीस-तीस अंशांनी वेगळे निघू शकतात. आधी मोजणी कुठून ते विचारा, मग आकडा वाचा.

निवडीचा खरा प्रश्न मात्र कॅटलॉगबाहेरचा आहे: तुमच्या गाडीच्या टॅकोमीटरचा, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा दिवसभर कुठे असतो? आठवडाभर काट्याकडे लक्ष ठेवा. तो 2000 ते 4500 मध्ये फिरत असेल, तर 7000 ला ताकद देणारा कॅम तुम्हाला महिन्यातून चार वेळा भेटणार, आणि बाकीच्या वेळी गाडी आधीपेक्षा मरगळलेली. दोन कॅममध्ये मन अडकलं असेल तर लहान घ्या. होंडाने 1989 मध्ये इंटेग्रात व्हीटेक आणलं ते याच अडचणीवर: एकाच दांड्यावर खालच्या आरपीएमसाठी सौम्य लोब, वरच्यासाठी तिखट. साध्या कॅमला ही चैन नाही.

[क्लोज-अप: पिस्टनच्या माथ्यावर मातीचा गोळा.]

कॅम ठरला तरी हेड लगेच बंद करायचं नाही. पिस्टनवर मुलांची खेळायची माती थापायची, हेड बसवायचं, टायमिंग (क्रँक आणि कॅमचा मेळ) जुळवून क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवायचा. मध्ये कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. मग हेड उचलायचं. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला असतो. ब्लेडने तो कापायचा आणि सगळ्यात पातळ जागा मोजायची. इनटेकला साधारण 2 मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच, एवढी फट तरी हवी. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून लांबतो, आणि पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो. जुन्या स्प्रिंगही तपासायच्या. जास्त लिफ्टला वेटोळी एकमेकांवर टेकली, तर पहिल्याच जोराच्या फेरीत काहीतरी मोडणार.

[इंजिन सुरू होतं.]

सपाट टॅपेटचं इंजिन असेल, तर पहिल्या स्टार्टला ते आयडलवर सोडू नका. लगेच 2000 च्या वर न्या आणि वीस मिनिटं आरपीएम थोडा वर-खाली करत राहा. अशा बऱ्याच इंजिनांत लोबवर तेल पोहोचतं ते क्रँकने उडवलेलं, आणि आयडलिंगला ते पुरेसं उडत नाही. वीस मिनिटं झाली की बंद करा, तेल आणि फिल्टर बदला. आयडलिंग ऐकायचं ते त्यानंतर.