पैसे दोरीत घाला, रॉडमध्ये नाही

[दृश्य: तीर्थन नदी, गुशैणीच्या थोडं वर. सकाळ. पाण्याचा आवाज.]

तो मोठा दगड दिसतोय ना, त्याच्या मागे पाणी एकदम संथ होतंय बघा. नव्वद टक्के लोक तिथून नुसतं फोटो काढून पुढे जातात. पण तिथे खाली ब्राऊन ट्राउट नावाचा मासा असतो, प्रवाहाकडे तोंड करून उभा, जागचा फारसा हलत नाही, वरून किडे वाहत येतात ते टिपत बसतो. आणि त्याला फसवायला आपल्याकडे काय आहे, तर कोंबड्याची पिसं आणि थोडी फर गुंडाळलेला एक बारीकसा गळ. यालाच फ्लाय, म्हणजे माशी म्हणतात, आणि या मासेमारीला फ्लाय फिशिंग. वजन जवळपास शून्य. हा गळ वीस-पंचवीस फूट लांब नेमका त्या दगडामागे पोचवायचा कसा, हा सगळा प्रश्न आहे. याचं उत्तर कळलं की दुकानात काय घ्यायचं आणि काय नाही ते आपोआप कळतं, म्हणून आधी तेच बघू.

ही नदी हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातली. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आतून येते, खाली लारजीला जाऊन ब्यासला मिळते. ट्राउट मात्र मूळचा इथला नाही, इंग्रजांनी आणला. आधी काश्मीर, मग 1909 च्या आसपास तिथून अंडी आणून कुल्लूत हॅचरी काढली, आणि हा पाहुणा इथे असा रमला की इथल्या मूळच्या स्नो ट्राउटला जागा कमी पडायला लागली. ते दुःख वेगळं, त्यावर कधीतरी वेगळा व्हिडिओ करू.

[दृश्य: दोन काठ्या शेजारी शेजारी. एक साधी स्पिनिंग रॉड, एक फ्लाय रॉड.]

कोकणात ज्यांनी लहानपणी गरवलंय त्यांना साध्या गळाचं गणित माहितीय. दोरीच्या टोकाला शिसं बांधलेलं असतं किंवा धातूचा चमचा असतो, आपण ते वजन फेकतो आणि दोरी त्याच्या मागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे बरोब्बर उलटं आहे. टोकाला वजनच नाही, मग फेकणार काय? तर दोरी फेकायची. ही दोरी जाड असते, प्लास्टिकचं कोटिंग असलेली, आणि तिलाच वजन असतं. रॉड वाकते, दोरीला ढकलते, दोरी हवेत उलगडत पुढे जाते आणि ती बिनवजनाची माशी शेपटासारखी मागे मागे जाते.

म्हणजे फेकली जाते दोरी. आता सांगा, पैसे कशात घालायचे? पण नवीन माणूस दुकानात किंवा साइटवर गेला की आधी रॉड बघतो, मग रील बघतो, चकचकीत निळं लाल अ‍ॅनोडाइज केलेलं रील, आणि दोरी म्हणजे काय, सोबत फुकट आलीय ना, चालेल की. इथेच सगळं बजेट उलटं होतं.

[दृश्य: रॉडच्या मुठीजवळ छापलेले आकडे, क्लोजअप.]

तरी रॉडपासूनच सुरू करू, कारण दोरी रॉडच्या नंबरावरून ठरते. रॉडवर असं काहीतरी लिहिलेलं असतं, नऊ फूट, फाइव्ह वेट, चार पीस. हा पाच नंबर म्हणजे रॉडचं वजन नाही, ताकदही नाही, तर या रॉडला कुठल्या नंबरची दोरी लागते तो आकडा. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट 140 ग्रेन भरतात, म्हणजे साधारण 9 ग्रॅम. चार नंबर 120 ग्रेन, सहा नंबर 160. कंपनी कुठलीही असो, ठरलेलं प्रमाण साधारण हेच, त्यामुळे एकाची रॉड आणि दुसऱ्याची दोरी बिनधास्त चालते.

नवशिक्याने नऊ फुटी फाइव्ह वेट घ्यावी असं जगभर सगळे सांगतात, आणि ऐकून ऐकून कंटाळा आला तरी ते खरंच आहे. तीर्थनसारख्या नदीत फोर वेट जास्त मजेशीर वाटेल, झाडी अंगावर येते तिथे साडेआठ फुटी सोयीची पडेल, पण दुपारी दरीतून वारा सुटला की पाच नंबर बरा वाटतो. चार पीस घ्या मात्र. दोन पीसची रॉड स्वस्त मिळेल पण ती घेऊन चंदीगडहून व्हॉल्वोत बसून दाखवा. चार पीसची नळी अडीच फुटांच्या आसपास असते, सॅकला बाहेरून बांधता येते. विमानाने जाणार असाल तर गळ आणि कात्र्या सगळं चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये नको.

अ‍ॅक्शन नावाचा एक प्रकार असतो, स्लो, मीडियम, फास्ट. फास्ट म्हणजे कडक, फक्त शेंड्याला वाकते. जाहिरातीत फास्टचं फार कौतुक असतं कारण लांब फेकता येतं, पण हात बसायच्या आधी फास्ट रॉड घेतली तर ती वाकतेय की नाही हेच कळत नाही. मीडियम किंवा मीडियम-फास्ट घ्या. आणि स्वस्तातली रॉड जर फारच काठीसारखी कडक निघाली तर एक जुनी युक्ती आहे, तिच्यावर एक नंबर वरची दोरी लावा, पाचवर सहाची. जास्त वजनाने रॉड वाकायला लागते आणि जवळच्या कास्टला, म्हणजे फेकीला, तर फारच बरं पडतं.

[दृश्य: रील उघडून दाखवणारे हात.]

रील. यावर मी कमी बोलणार कारण यात कमी पैसे घालायचे आहेत. एक फूटभर ट्राउटला रीलची गरजच पडत नाही, डाव्या हाताने दोरी ओढून मासा आणला जातो, रील म्हणजे उरलेली दोरी गुंडाळून ठेवायची जागा. भारी डिस्क ड्रॅग म्हणजे ब्रेक, सीलबंद बेअरिंग हे सगळं समुद्रातल्या किंवा मोठ्या महसीर माशाच्या कामाचं. साधं, टिकटिक आवाज करणारं क्लिक रील घ्या. फक्त एवढं बघा की त्यावर पाच नंबरची दोरी आणि तिच्याखाली पन्नासेक यार्ड डॅक्रॉनचं बॅकिंग, म्हणजे खालची जोडदोरी, मावतंय. आणि स्पूल फिरताना घासत नाहीये. बस.

[दृश्य: फ्लाय लाइनची गुंडाळी, नवी आणि जुनी.]

आता दोरी. डब्यावर डब्ल्यू एफ फाइव्ह एफ असं लिहिलेलं शोधा. म्हणजे वेट फॉरवर्ड, पुढच्या भागात वजन जास्त, पाच नंबर आणि तरंगणारी. बुडणारी दोरी, बुडत्या टोकाची दोरी, असलं आत्ता काही नको.

रॉड-रील-दोरीच्या स्वस्त कॉम्बोसोबत येणाऱ्या दोरीचा त्रास काय असतो ते या शॉटमध्ये दिसेल. रीलवरून काढली की स्प्रिंगसारखे वेटोळे तसेच राहतात, थंड पाण्यात तर आणखी कडक होते, आणि तीर्थनचं पाणी बर्फाचंच आहे. वेटोळी असलेली दोरी रॉडच्या कड्यांमधून सरकत नाही, पाण्यावर सरळ पडत नाही, मासा माशीला तोंड लावून थुंकून मोकळा होतो तरी आपल्याला खबर नाही. माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही. हातभर हातभर धरून ताणली तर थोडी सरळ होते, सुरुवातीला तेवढ्यावर भागवा, पण पहिला जास्तीचा पैसा आला की रॉड बदलू नका, दोरी बदला.

परदेशी बाजारात शंभर-दीडशे डॉलरमध्ये रॉड, रील, दोरी असा पूर्ण कॉम्बो मिळतो, मॅक्सकॅचसारख्या चिनी ब्रँडचे तर त्याहून कमीतही असतात. त्याच बाजारात भारीतली एकटी रॉड हजार डॉलरला असते. आणि मधल्या दर्जाची चांगली दोरी चाळीस ते साठ डॉलर. म्हणजे शंभर डॉलरच्या कॉम्बोवर पन्नास डॉलरची दोरी चढवली तर तो सेट हजारवाल्या रॉडवर सडकी दोरी लावलेल्या माणसापेक्षा चांगला चालेल, हे मी पैजेवर सांगतो. आपल्याकडे फ्लाय लाइन दुकानात सहज मिळत नाही ही खरी अडचण. पण जवळपास प्रत्येकाचा कोणीतरी मावसभाऊ न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये असतोच, त्याला रॉड आणायला सांगू नका, नळी बघून वैतागेल, दोरीचा डबा आणायला सांगा, तळहाताएवढा असतो.

दोरी सांभाळायला सोपी आहे, कोमट पाणी, साधा साबण, फडकं. फक्त डास पळवायच्या ज्या स्प्रेमध्ये डीट असतं तो हाताला लावून दोरी धरू नका, कोटिंग खराब होतं.

[दृश्य: लीडर, टिपेट, माश्यांची डबी.]

दोरीच्या पुढे लीडर नावाचा धागा, नऊ फुटी, जाडीकडून बारकीकडे निमुळता होत जाणारा. पाच एक्स किंवा चार एक्स घ्या. एक्सचा आकडा जितका मोठा तितका धागा बारीक, अकरातून तो आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते, पाच एक्स म्हणजे सहा. लीडरचं टोक माश्या बदलून बदलून आखूड होतं, म्हणून टिपेटची, म्हणजे टोकाच्या बारीक धाग्याची, एक वेगळी गुंडाळी ठेवा आणि टोकाला जोडत राहा, दर वेळी नवा लीडर म्हणजे उधळपट्टी.

माश्या शेकड्याने विकत घ्यायचा मोह होतो. नको. अ‍ॅडम्स, एल्क हेअर कॅडिस, फेझंट टेल, हेअर्स इअर आणि एक काळा वूली बगर, पाचच प्रकार, प्रत्येकी तीन-चार. अ‍ॅडम्स ही 1922 ची, मिशिगनमध्ये बांधलेली, शंभर वर्षं झाली तरी चालतेय. राखाडी रंगाची, कुठल्याच एका किड्यासारखी दिसत नाही आणि सगळ्यांसारखी दिसते. गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाका, मासा सोडताना त्याला इजा कमी होते आणि स्वतःच्या कानात रुतला तरी सुटतो, हो, कानात रुततो, म्हणून टोपी आणि गॉगल हे गिअरमध्येच धरा.

माश्या घरी बांधल्या तर स्वस्त पडतील असं कोणीतरी सांगेलच. पडत नाहीत. आधी गळ धरून ठेवायचा वाइस येतो, मग धागे, मग पिसं, मग एक कपाट येतं. छंद म्हणून करा, बचत म्हणून नको. पिसांवरून आठवलं, आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा, त्याच्या मानेवरची ती मेणाचे थेंब लावल्यासारखी चमकणारी पिसं एकेकाळी इंग्लंडच्या सामन माशांच्या माश्यांसाठी ढिगाने जायची. आता तो कायद्याने संरक्षित आहे आणि ती निर्यातही बंद झाली, हे फार बरं झालं.

[दृश्य: मेडिकल स्टोअरचं काउंटर, मग नदीकाठ.]

बाकीचं सामान तर फिशिंगच्या दुकानातून घ्यायचंच नाही. धागा कापायला नेलकटर. गळ सोडवायला मेडिकलवाल्याकडून आर्टरी फोरसेप्स. सुकी माशी तरंगत ठेवायला चिमूटभर व्हॅसलीन, अगदी थोडं. इंडिकेटर म्हणून, म्हणजे मासा लागल्याची खूण म्हणून, आईच्या विणकामातला केशरी लोकरीचा तुकडा. वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायच्या वॉटरप्रूफ विजारी, नकोत, ते महाग आहेत आणि तीर्थनमध्ये काठावरून, दगडांवरून बराच मासा आवाक्यात असतो, पाण्यात उतरायची इतकी घाई कशाला. उतरलातच तर गुडघ्याच्या वर नाही, आणि हातात बांबू.

सेकंडहँड रॉड मिळत असेल तर जरूर बघा. कड्यांच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला की समजायचं कड्याला चरा आहे आणि तो चरा नवी दोरी खाणार. सांधे जोडून हलवा, खडखड वाजलं तर परत द्या.

[दृश्य: टेलिस्कोपिक काठी उघडतेय, एक एक नळी बाहेर येते.]

आणि ज्यांचं बजेट एवढंही नाही त्यांच्यासाठी जपानने सोय करून ठेवलीय. तेनकारा. बारा-तेरा फुटांची टेलिस्कोपिक काठी, शेंड्याला बांधलेली तेवढ्याच लांबीची हलकी दोरी, पुढे टिपेट आणि माशी. रील नाही. मिटली की हातभर. जपानच्या डोंगरातल्या ओढ्यांसाठीच ही पद्धत तयार झाली, आणि गुशैणीच्या वर जिथे नदी दगडादगडातून उड्या मारत येते तिथे मला तर ही फ्लाय रॉडपेक्षा सरस वाटते, कारण दोरी पाण्याला टेकवावीच लागत नाही, फक्त माशी टेकते. फ्लाय फिशिंगवाले काही लोक नाक मुरडतात, मुरडू देत. अडचण एकच, मासा मोठा लागला आणि प्रवाहात पळाला तर सोडायला दोरी नाही, तुम्हालाच त्याच्यामागे दगडांवरून पळावं लागतं. खाली बंजारच्या बाजूला जिथे पात्र रुंद होतं तिथे मग रीलच हवं.

महसीरचा विचार मनात असेल तर हे दोन्ही सेट विसरा, त्याला सात-आठ वेट लागते आणि तो वेगळा खर्च आहे.

[दृश्य: सोसायटीचं गवत, दोन माणसं कास्टिंग करतायत, एक कुत्रा बघतोय.]

रॉड आली की लगेच तिकीट काढू नका. घराजवळच्या मैदानावर, गवतावर, माशीच्या जागी लोकरीचा लाल तुकडा बांधून कास्ट करा. सिमेंटवर नको, दोरी घासली जाते. मागे नेली की थांबा, दोरी मागे पूर्ण सरळ होऊ द्या, मगच पुढे. आसुडासारखा फट् आवाज आला तर समजायचं घाई झाली, नदीवर त्याच आवाजात माशी तुटून जाते. तीस फूट सरळ पडायला लागली की पुरे. साठ फूट फेकायचं वेड डोक्यातून काढा, या नदीत त्याचा काही उपयोग नाही.

या सगळ्यातून जे पैसे वाचले ते एका दिवसाच्या लोकल गाइडला द्या. तो तुमची रॉड हातात घेऊन कंपनीचं नावसुद्धा बघणार नाही. तो आधी तुम्हाला पाण्यापासून चार पावलं मागे ओढेल, कारण तुमची सावली पाण्यावर पडतेय, मग गुडघ्यावर बसवेल, आणि पहिली कास्ट पलीकडच्या दगडावर नाही तर पायाशी असलेल्या पाण्यात टाकायला लावेल, कारण तिथलाच मासा आपण आधी पळवतो.

परवाना मत्स्य विभागाचा घ्यावा लागतो, तो पोचल्यावर काढता येतो, होमस्टेवाल्यांना विचारा, ते सांगतात. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउटची विणीची वेळ म्हणून मासेमारी बंद असते, जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ. म्हणजे मार्च ते जून, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. मार्चमध्ये जायचं असेल तर दोरीची ऑर्डर डिसेंबरमध्येच टाका, मावसभाऊ ख्रिसमसच्या सुट्टीत येतो.