आंबेनळी घाटातला कातळ आणि उलटं होकायंत्र

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आंबेनळी घाटात रस्त्याला लागून हा जो काळा कातळ दिसतोय ना, त्यात मॅग्नेटाईटचे, म्हणजे लोखंडाच्या एका चुंबकीय खनिजाचे, बारीक कण आहेत आणि खालच्या थरांमधले कण आजच्या होकायंत्राच्या उलट, साधारण दक्षिणेकडे तोंड करून बसलेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा निवत निवत ५८० अंशांच्या खाली आला आणि तेव्हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जसं होतं तसंच त्या कणांत गोठलं.

हे कळतं कसं? तर कातळात ड्रिल मारून इंचभर जाडीची कांडी काढतात, पण मोडून घ्यायच्या आधी तिच्यावर दिशेची खूण करावीच लागते, ती चुकली की सगळी मेहनत पाण्यात. मग लॅबमध्ये कांडी टप्प्याटप्प्याने तापवतात, नंतरच्या काळात चढलेलं चुंबकत्व उतरतं, मूळचं तेवढं उरतं. घाटात वर वर जात नमुने घेतले की एका उंचीनंतर दिशा सरळ होते. म्हणजे इथे लाव्हा वाहत असतानाच पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पलटले, आणि त्याची नोंद आपल्या सह्याद्रीत आहे, केवढी मोठी गोष्ट आहे ही!

असे उलटे दगड फ्रान्समध्ये बर्नार्ड ब्रुन्स यांना १९०६ च्या सुमारास सापडले होते, १९२९ मध्ये जपानच्या मोतोनोरी मातुयामांनी दाखवलं की उलट्या दिशेचे लाव्हे एका ठराविक जुन्या काळातलेच आहेत.

पलटतं कशामुळे तर २,९०० किलोमीटर खाली वितळलेलं लोखंड सतत घुसळत असतं, त्यातूनच हे क्षेत्र तयार होतं, आणि कधीकधी ती घुसळण अशी बिघडते की क्षेत्र एकदम कमजोर पडतं, ध्रुव भरकटतात, आणि परत जोर धरताना उलट्या बाजूने उभं राहतं. याला काही हजार वर्षं लागतात, एका रात्रीत काही होत नाही.

वेळापत्रक मात्र नाही. शेवटचं पलटणं सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीचं, आणि डायनासोरांच्या काळात तर साडेतीन कोटींहून जास्त वर्षं एकदाही पलटलं नाही.

गेल्या दोनशे वर्षांत क्षेत्र साधारण ९ टक्के कमी झालंय, त्यावरून घाबरवणारे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात, पण एवढे चढउतार न पलटताही होतात. हे रोज मोजलं जातं, आपल्या अलिबागच्या वेधशाळेतसुद्धा, आणि ती तिथे १९०४ पासून आहे कारण मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या करंटमुळे तिथल्या कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेतली मोजमापं बिघडली असती.