टप नसलेल्या गाडीचा कणा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘युद्धानंतरचं ब्रिटन आणि उघड्या गाड्यांची निर्यात’. तिथे मी येणारच आहे. पण परवा आपल्यातल्याच एकांनी मला फोनवर एक जाहिरात दाखवली आणि विचारलं, ‘घेऊ का?’ तेव्हापासून ती जाहिरात माझ्या डोक्यातून जात नाही. आधी ती बाजूला करू द्या, मग निर्यातीकडे वळतो.

एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीची टप नसलेली गाडी, 1966 ची. टार्टन रेड रंग, तारांची चाकं, नवं कापडी हूड, काळी चामडी आसनं. सोळा फोटो, सगळे संध्याकाळच्या उन्हातले. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘एमओटीची गरज नाही, रोड टॅक्स नाही’. एमओटी म्हणजे इथली, ब्रिटनमधली, गाडीची वार्षिक तपासणी, तुम्हाला सांगायला नको, दर वर्षी सगळेच त्या रांगेत उभे राहतो. मे 2018 पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि फार फेरबदल न झालेल्या गाडीला ती तपासणी सक्तीची राहिली नाही. विकणारा हे गाडीचा गुण म्हणून लिहितो. मला त्यात वेगळंच दिसतं. या गाडीच्या पोटाखाली गेल्या कित्येक वर्षांत तिऱ्हाईत माणूस कदाचित शिरलेलाच नाही. सोळा फोटोंत खालून काढलेला एकही नाही.

माझे आजोबा मला चाकणच्या बैलबाजारात न्यायचे. आता त्या भागात मोटारींचे मोठे कारखाने आहेत, तेव्हा आमच्यासाठी चाकण म्हणजे धुरळा, शेव-रेवडी आणि बैल. विकायला आणलेल्या बैलाची शिंगं हिंगुळाने रंगवलेली, पाठीवर आरशांची झूल. आजोबा पहिल्यांदा काय करत असतील, तर झूल उतरवायला लावायचे. मग जबडा उघडून दात, मग शेपटीमागून चालत जाऊन खूर कसा पडतो ते. शिंगांकडे बघायचेसुद्धा नाहीत. भाव अगदी शेवटी, उपरण्याखाली हात घालून. मी विचारलं, ‘आबा, शिंगं एवढी छान आहेत की.’ ते म्हणाले, ‘शिंगं सकाळी रंगवलीत, खूर चार वर्षांत झालाय.’

उघड्या गाडीचा खूर म्हणजे तिचं सिल. दाराखाली आडवा जाणारा पत्र्याचा डबा. एमजीबीच्या आधीची एमजीए होती, तिला वेगळी चेसिस होती, शिडीसारखी, आणि बॉडी त्यावर बसवलेली. 1962 साली एमजीबी आली ती वेगळ्या चेसिसशिवाय. बॉडीच सगळा भार उचलते. बंद गाडीत टप, खांब आणि फरशी मिळून एक पेटी होते. घरी बुटांचं खोकं घ्या आणि झाकण लावून पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. एमजीबीचं झाकण काढलेलं आहे. म्हणून ते बळ आलं दोन्ही सिलांमध्ये. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मधे उभा पडदा आणि तळाशी ‘कॅसल रेल’ नावाची घडी. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल विंगच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, मागच्या कोपऱ्यात साचतो, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात मुरतं आणि हा डबा आतून सडायला लागतो. बाहेर रंग तसाच झळकत असतो.

हे मी शिकलो ते माझ्या पहिल्या एमजीबीकडून. ‘संपूर्ण रिस्टोअर केलेली’ असं लिहिलेली गाडी एका व्यापाऱ्याकडून घेतली. इंजिन 1798 सीसीचं, दोन एसयू कार्बोरेटर, आवाज असा की बायकोने चहाचा कप घेऊन बाहेर येऊन ऐकला. पहिला उन्हाळा सुखात गेला. नोव्हेंबरात घराबाहेरच चाक पंक्चर झालं. मी जॅक सिलाच्या मधल्या चौकोनी नळीत घातला आणि फिरवायला लागलो. चाक जागचं हललं नाही. वर यायला लागली ती दाराची खालची कड. दार आणि मागच्या विंगमधली फट माझ्या डोळ्यांदेखत मिटत गेली आणि वरच्या बाजूला पत्र्याला पत्रा घासल्याचा बारीक कर्रकर्र आवाज आला. दार उघडेना. गाडी मधोमध दुमडत होती.

रंग खरवडला तर खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. बोटाच्या पेराएवढी जाड. तिच्याखाली सडक्या सिलावर नुसतं चढवून टाकलेलं नवं, चकचकीत बाहेरचं सिल. मला त्या व्यापाऱ्याचा राग आजही येतो, आणि तो पैशांमुळे नाही. त्या गाडीत माझी मुलगी शेजारी बसून शाळेत गेली होती. बाजूने कोणी धडकलं असतं तर तिच्या आणि त्या धडकेच्या मधे होती फक्त लांबी. पत्र दिलं, फोन केले. उत्तर आलं की जुन्या गाडीत असं व्हायचंच. असं व्हायचंच नसतं. हे कोणीतरी हाताने केलं होतं, वर रंग मारला होता आणि पॉलिश केलं होतं.

नीट काम कसं होतं तेही सांगतो, कारण जाहिरातीत ‘नवी सिलं’ हे दोन शब्द फार स्वस्तात मिळतात. आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी वेल्ड करून गाडी ताणून धरायची, नाहीतर सिल कापल्याबरोबर बॉडी बसते आणि पुढे जन्मभर दारं नीट लागत नाहीत. पुढची विंग उतरवायची. मागच्या विंगचा खालचा भाग कापायचा. मग बाहेरचं सिल, पडदा, कॅसल रेल, तिन्ही. माझ्या गाडीला यात गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले, पण तिथपासून तिची दारं बोटाने लागतात.

म्हणून जाहिरात विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं की मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात न्या आणि सिलावरून फिरवा. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघा. आसनांमागची फळी उचला, खाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे डबे असतात, ॲसिडने ते खाल्ले जातात. आणि विकणाऱ्याकडे वेल्डिंग चालू असतानाचे फोटो मागा. ज्याने खरं काम केलंय तो ते अभिमानाने दाखवतो. रंग, हूड, आसनं, ही सगळी झूल. ती केव्हाही बदलता येते.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. निर्यात.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन कर्जात होतं आणि डॉलर हवे होते. पोलादाचं रेशनिंग होतं, कारखान्याला किती पोलाद द्यायचं हे तो किती माल बाहेर पाठवतो यावर ठरायचं. एमजीने 1945 मध्ये टीसी नावाची उघडी गाडी काढली, 1250 सीसी, ॲश लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा, एकोणीस इंची चाकं. 1949 पर्यंत दहा हजार झाल्या. स्टीअरिंग उजवीकडेच, तरी अमेरिकन लोकांनी हौसेने घेतल्या. 1948 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टला जॅग्वार एक्सके 120 आली, तीही अमेरिकेची लाडकी झाली. एमजीए तर 1955 ते 1962 मध्ये लाखाहून अधिक झाल्या आणि त्यातल्या ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या सहा हजारसुद्धा नाहीत. ज्याने ती बनवली त्या ॲबिंग्डनच्या, म्हणजे एमजीच्या कारखान्याच्या गावातल्या, कामगाराच्या गल्लीत ती क्वचितच दिसायची.

एमजीबीचंही तेच. जीटी, म्हणजे टप असलेली एमजीबी, धरून पाच लाखांहून अधिक, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेच्या वाटेने. अमेरिकेच्या नियमांसाठी 1974 मध्ये तिला काळे रबरी बंपर आले आणि गाडी आणखी उंच झाली. वळणावर ती झुकायला लागली ती तेव्हापासून. पौंड महाग झाला, तिकडे विकून पैसा सुटेना, आणि ऑक्टोबर 1980 मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला.

आता हे सिलाशी कुठे जुळतं ते ऐका. कॅलिफोर्नियाला गेलेल्या गाड्या कोरड्या हवेत राहिल्या. तिथे बहुतेक भागात रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. त्यांचा रंग उन्हाने उडाला, आसनं फाटली, डॅशबोर्ड तडकला, पण सिलं ठणठणीत. डॉलरसाठी पाठवलेली गाडी आज डावीकडच्या स्टीअरिंगसकट परत येते आणि इथल्या माणसाला खरी एमजीबी तिच्या रूपात मिळते. जाहिरातीत ‘कॅलिफोर्नियाहून आणलेली, रंग खराब’ असं दिसलं की मी थांबून वाचतो. ज्यांना उजवंच स्टीअरिंग हवं, त्यांच्यासाठी 1988 पासून जुन्या साच्यांवर नवी बॉडीसुद्धा बनते, महाग आहे, पण ती लांबीवर उभी नाही.

वेळ संपली. माझी गाडी बाहेर पार्किंगमध्ये आहे, जॅक डिकीत आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या. मी ती सिलाखालून उचलतो, तुमच्यापैकी कोणीतरी दार उघडा आणि लावा.