पत्रा कुणाचा?

नैरोबी. मचाकोस बसस्थानकाच्या बाजूने चालत निघालं की कामुकुंजी, म्हणजे पत्रा-लोखंड ठोकणाऱ्यांचा बाजार, दिसण्याआधी ऐकू येतो. शेकडो हातोडे, एकाच वेळी.

'जुआ काली' म्हणजे स्वाहिलीत कडक ऊन. उघड्यावर बसून लोखंड ठोकणाऱ्यांना हेच नाव पडलं. अर्थशास्त्रातला 'अनौपचारिक क्षेत्र' हा शब्द जगभर गेला तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७२ सालच्या केनिया अहवालामुळे. म्हणून तरुण उद्योजकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावली घेऊन यावं अशी ही जागा आहे.

हे हात बघा. दोनशे लिटरचं तेलाचं रिकामं पिंप. छिन्नीने आधी दोन्ही तोंडं कापायची, मग उभा काप द्यायचा. रुळाच्या तुकड्यावर ठोकून सपाट केलं की साधारण पावणेदोन मीटर लांबीचा पत्रा मिळतो. यातून होते 'जिको', कोळशाची शेगडी. वर-खाली रुंद, मध्ये कंबर. वरच्या भागात भाजलेल्या मातीचं अस्तर बसतं आणि कंबरेमुळे ते खाली घसरत नाही. फटीत सिमेंट आणि व्हर्मिक्युलाइट भरतात. ते खनिज हलकं असतं आणि उष्णता अडवतं. अस्तर कोरडंच बसवलं तर माती सिमेंटमधलं पाणी शोषून घेते आणि पकड सुटते. सिमेंट पुरतं वाळण्याआधी निखारे टाकले तर आतल्या वाफेने तडा जातो.

एक शेगडी पुष्कळदा एकाच्या हातची नसते. कुणी पाय कापतो, कुणी कड्या वळतो, अस्तर कुंभाराकडून येतं. मग यातला उद्योजक कोण?

प्रश्नावलीतला पहिला प्रश्न इथेच फसतो. "महिन्याला किती मिळतं?" याला उत्तर मिळतं, पण ते अंदाजाचं. त्याऐवजी कालचा दिवस विचारायचा: किती नग झाले, किती विकले, पत्रा कितीला आणला. आणि सगळ्यात आधी, पत्रा कुणाचा? पत्रा दुसऱ्याचा असेल तर समोरचा मुलगा नगावर मजुरी घेतोय. स्वतःचा असेल तर नफा-तोटाही त्याचाच. दोघांच्या हातात हातोडा सारखाच, पण तक्त्यात ते वेगवेगळ्या रकान्यात जायला हवेत.

"कर्ज आहे का?" यालाही पटकन 'नाही' येतं. कारण 'चामा', म्हणजे आपली भिशी, कुणी कर्जात धरत नाही. पत्र्याची दुकानदाराकडची उधारीही धरत नाहीत. तीन गोष्टी तीनदा विचाराव्या लागतात: चामा, उधारी, मोबाइलवरचं कर्ज. एम-पेसाचे, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेचे, व्यवहार बघून पडताळा घेता येतो, मात्र बहिणीने पाठवलेले पैसे विक्रीत मोजले जाण्याचा धोका असतो. एकेक नोंद त्याच्यासमोरच विचारून घ्यावी.

'तरुण' कुणाला म्हणायचं, ती वयाची अट केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतली: अठरा पूर्ण, पस्तिशीच्या आत. संशोधनाचा परवाना आधी काढावा लागतो. ध्वनिमुद्रण या गोंगाटात निरुपयोगी, वही-पेन्सिलच बरी. सकाळी गिऱ्हाईक असताना अडवू नये. दुपारी जेवणानंतर हात थोडे मोकळे असतात.

जागेचा कागद नाही, म्हणून बँक दारात उभं करत नाही. कानांचं नुकसान रोजचंच.

पुढची शेगडी. पत्र्याच्या कडा एकमेकींत अडकल्या, घडी बसली. विद्यार्थिनी वही मांडीवर ठेवून थांबली आहे; हातोडा खाली ठेवला की ती विचारेल.