खारीचा वाटा म्हणून सोडून दिलेली माणसं

स्क्रीनवर जो कागद दिसतोय तो जरा नीट बघा. हाताने काढलेला फ्लोचार्ट आहे, चौकटी, बाण, मध्ये मध्ये सूत्रं, आणि वर उजव्या कोपऱ्यात तारीख, 5-20-55, म्हणजे 20 मे 1955. अक्षर आहे मेरी त्सिंगू यांचं. फिजिक्स शिकलेल्या बऱ्याच जणांनी या कागदामागचा प्रॉब्लेम कधी ना कधी ऐकलेला असतो, पण हे नाव मात्र पन्नास वर्षं फारसं कुणी घेतलं नाही.

जागा अमेरिकेतली, न्यू मेक्सिको राज्यातली लॉस अलामॉसची लॅब, जिथे अण्वस्त्रांवर काम चालायचं. मेरी तिथे आल्या 1952 साली, गणितात नुकतीच डिग्री झालेली, कोरियाचं युद्ध चालू होतं त्यामुळे तरुण मुलं कमी पडत होती आणि म्हणून बायकांना घेत होते. सुरुवातीला काम काय, तर हाताने आकडेमोड. मग लवकरच त्यांना मॅनिअ‍ॅक नावाच्या कॉम्प्युटरवर पाठवलं. तो व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा आणि मुख्य काम अर्थातच शस्त्रांच्या गणिताचं.

अशा मशीनवर एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लॉ उलाम या शास्त्रज्ञांना एक वेगळाच प्रयोग करायचा होता. समजा एका ओळीत छोटी छोटी वजनं आहेत, शेजारच्या दोघांमध्ये स्प्रिंग, आणि स्प्रिंग थोडी वाकड्या स्वभावाची, म्हणजे जितकं ताणाल बरोबर त्याच प्रमाणात न ओढणारी. आता या ओळीला एक साधी मोठी लाट द्यायची आणि वाट बघायची. सगळ्यांची अपेक्षा अशी की चहात दूध मिसळतं तशी ती एनर्जी हळूहळू सगळ्या लहानमोठ्या लाटांमध्ये पसरून जाईल. झालं भलतंच. एनर्जी थोड्याच लाटांमध्ये फिरत राहिली आणि बऱ्याच वेळाने जवळपास सगळीच्या सगळी परत पहिल्या लाटेत आली, म्हणजे ढवळलेल्या चहातलं दूध आपोआप पुन्हा एका बाजूला गोळा व्हावं तसं! हे कोडं सोडवता सोडवता 1965 मध्ये सॉलिटॉनची, म्हणजे आकार न बदलता पुढे जात राहणाऱ्या एकट्या लाटेची, कल्पना पुढे आली, आणि कॉम्प्युटरवर 'प्रयोग' करून निसर्गाबद्दल काही नवं कळू शकतं हे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या कामांमध्ये आज याची गणना होते.

आता त्या रिपोर्टचं पहिलं पान. त्यावर दोन वेगळ्या नोंदी आहेत. काम कुणी केलं, तर फर्मी, पास्ता, उलाम, त्सिंगू. रिपोर्ट कुणी लिहिला, तर फर्मी, पास्ता, उलाम. पुढे जगाने लिहिणारी तीन नावं उचलली आणि प्रॉब्लेमचं नाव पडलं 'फर्मी-पास्ता-उलाम'. मेरी यांच्यासाठी उरली एक तळटीप, त्यांनी कार्यक्षमपणे कोडिंग केलं आणि मशीनवर गणितं चालवली म्हणून मिस मेरी त्सिंगू यांचे आभार.

या 'कार्यक्षमपणे' शब्दावर मला थोडं थांबायचंय. मॅनिअ‍ॅकची मेमरी होती 1,024 शब्दांची, शब्द म्हणजे मेमरीचा एक खण, आणि एक शब्द 40 बिटांचा. सूचनाही त्यातच बसवायच्या आणि आकडेही त्यातच. फोरट्रान ही प्रोग्रामिंगची सोपी भाषा यायला अजून दोन वर्षं होती, त्यामुळे मशीनला कळेल अशा भाषेत एकेक सूचना माणसानेच लिहायची. एवढ्याशा जागेत प्रत्येक वजन आत्ता कुठे आहे, पुढच्या क्षणी कुठे असेल, हे हजारो वेळा काढायचं, कुठला आकडा साठवायचा, कुठला पुसून टाकायचा ते ठरवायचं, आणि एवढं करून उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं आलं की ते खरंच तसं आहे की कोडमध्ये चूक झालीय याची खात्री पटायला हवी. त्या विचित्र उत्तरावर लोकांनी विश्वास ठेवला तो या कोडवर विश्वास होता म्हणून. मग हे काम विज्ञानाच्या बाहेरचं कसं?

आणखी एक गोष्ट मनात राहते. फर्मी नोव्हेंबर 1954 मध्येच गेले. फ्लोचार्टवरची तारीख त्यानंतर सहा महिन्यांची आहे. काम चालूच होतं.

असंच एक नाव एलन फेटर. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांचा 1963 चा पेपर म्हणजे केऑस थिअरीची, म्हणजे सुरुवातीच्या बारीकशा फरकाने पुढचं सगळं कसं बदलतं या अभ्यासाची, सुरुवात मानतात, आणि कॉम्प्युटरमध्ये 0.506127 ऐवजी 0.506 टाकल्यावर त्याने काढलेलं हवामान पार बदललं ही गोष्ट तर शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. पेपरच्या शेवटी मिस एलन फेटर यांचे खास आभार आहेत, बरीचशी आकडेमोड सांभाळली आणि आकृत्या तयार केल्या म्हणून. त्या आकृत्या म्हणजे केऑसचा पहिला चेहरा! फेटर यांच्या आधी लॉरेन्झकडे हेच काम करत होत्या मार्गारेट हॅमिल्टन, ज्यांनी पुढे चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या फ्लाइट सॉफ्टवेअरच्या टीमचं नेतृत्व केलं. फेटरना काम शिकवलं तेही त्यांनीच.

आपल्याकडे थीसिसमध्ये ऋणनिर्देशाचं एक पान असतं आणि त्यात 'प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत करणाऱ्या ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार' हे वाक्य हमखास असतं. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं, पण त्या एका वाक्यात आठवडाभर डेटा एंट्री करणारी मैत्रीण, रात्री अकराला लॅब उघडून देणारे काका, टेबलं तपासून देणारा ज्युनिअर, सगळे एकदम अज्ञात होऊन जातात. आपण त्याला प्रेमाने खारीचा वाटा म्हणतो, पण खरंच वाळूचे कण होते की अख्खा दगड, हे कुणी बघत नाही.

अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ते बघायचं ठरवलं. रोरी रोल्फ्स, एमिलिया हुएर्ता-सांचेझ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पॉप्युलेशन जेनेटिक्सच्या, म्हणजे समूहांमधल्या जनुकांच्या अभ्यासाच्या, एका जर्नलचे 1970 ते 1990 मधले जवळपास 900 पेपर काढले आणि सरळ आभाराच्या ओळी वाचत सुटले. 1970 च्या दशकात लेखकांमध्ये बायका होत्या साधारण 7 टक्के. ज्यांचे प्रोग्रामिंगसाठी आभार मानले होते त्यांच्यात 59 टक्के. त्यातलंच एक नाव 'मिसेस एम. वू', म्हणजे मार्गारेट वू. जेनेटिक्समध्ये जनुकांमधली विविधता मोजायला आजही वापरला जाणारा वॉटरसन एस्टिमेटर ज्या 1975 च्या पेपरमध्ये आला, त्यातली गणितं आणि पहिलं टेबल त्यांनी केलेलं.

मेरी त्सिंगू पुन्हा त्या प्रॉब्लेमकडे वळल्या. जेम्स टक यांच्याबरोबर, आता जास्त ताकदीच्या मशीनवर, त्यांनी तीच वजनांची ओळ खूप जास्त वेळ चालू ठेवली आणि दिसलं असं की एनर्जी पहिल्या लाटेत नुसती परत येत नाही, पुढे आणखी एका मोठ्या फेरीनंतर ती पहिल्यापेक्षाही जास्त पूर्णपणे परत येते. 1972 मध्ये पेपर आला आणि या वेळी त्या लेखक होत्या. पण मधल्या काळात, 1958 मध्ये, त्यांचं लग्न झालं होतं. पेपरवर नाव होतं मेन्झेल, त्यामुळे ही तीच तळटीपेतली बाई आहे हे वाचणाऱ्यांच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं.

2008 मध्ये तिएरी दोशुआ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने त्यांच्यावर लेख लिहिला. तो फ्लोचार्ट त्यात छापलेला आहे, आणि आता बरेच लोक त्या प्रॉब्लेमला चार नावांनी ओळखतात, फर्मी-पास्ता-उलाम-त्सिंगू.