कृष्णेतला मासा बुडत का नाही

(सांगली. घाटाच्या पायऱ्या, पाण्यावर धुकं.)

पहाटे साडेपाचला घाटावर कॅमेरा लावला तेव्हा कृष्णामाई अगदी निवांत होती. आता पायरीच्या कडेला बघा, हा मासा. ना वर येतोय ना खाली चाललाय, नुसते पर जरा जरा हलतायत. मांस आणि काटे पाण्यापेक्षा जड असतात, म्हणजे खरं तर यानं तळाला जाऊन पडायला पाहिजे.

(मासळी बाजार. विळीवर राहू.)

आता काकींच्या हाताकडे बघा. आतडी बाजूला केली की पाठीच्या काट्याखाली हा पांढरा चकचकीत फुगा, मधे दोरा आवळल्यासारखा, दोन कप्प्यांचा. पुस्तकात याला वाताशय म्हणतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातली साधारण ७ ते ८ टक्के जागा हा फुगा घेतो आणि तेवढ्यात अख्खा मासा पाण्याइतका हलका होतो. किती साधी आणि किती देखणी गोष्ट आहे ही!

(पाण्यानं गच्च भरलेली बाटली, आत पेनाचं टोपण.)

पण हवा दाबली जाते ना. बाटली दाबली की टोपणातली हवा आवळते आणि टोपण खाली जातं, सोडली की वर. माशाचंही तेच, १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि फुगा निम्म्यावर येतो, मग मासा आणखी जड, आणखी खाली, म्हणून त्याला आतली हवा सारखी कमीजास्त करावी लागते. राहू, कटल्याच्या फुग्यातून घशाकडे एक बारीक नळी जाते, वर येऊन हवा गिळायची, नको असेल तेव्हा बुडबुडे सोडायचे. चिलापीला ती नळीच नाही. तिच्या फुग्याच्या भिंतीत एक ग्रंथी असते, ती रक्तात लॅक्टिक अॅसिड सोडते, त्यानं हिमोग्लोबिननं धरून ठेवलेला ऑक्सिजन सुटतो आणि फुग्यात उतरतो, शेजारी केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांची जुडी असते ती हा वायू परत निसटू देत नाही. म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन कल्ल्यातून रक्तात, रक्तातून फुग्यात. हे सगळं त्या घाटावरच्या शांत पाण्याखाली चाललेलं असतं.

(नाव. काठी पाण्यावर आपटते, मासे जाळ्याकडे.)

हा आवाज राहूला त्याच फुग्यानं कळतो. फुगा थरथरतो आणि बारीक हाडांची एक साखळी ती थरथर कानापर्यंत नेते. काठी आपटून मासे हाकलायची पद्धत जुनी आहे, आमच्या आज्ज्यापणज्यांनी हाडं मोजली नव्हती पण मासा ऐकतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

(नदीकाठ, दुपार.)

साखर कारखान्यातलं मळीचं पाणी नदीत आलं की ते कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मासे तोंड वर काढून तडफडतात आणि मरतात. मेलेला मासा बरेचदा आधी तळाला जातो, पोटात कुजून वायू भरला की दिवसा-दोन दिवसांनी वर येतो.

हे जे वर तरंगतायत ना, ते बहुतेक काल-परवाचे आहेत. आजचे अजून खाली आहेत.